शेतघरातील क्रीडाशाळा



स्पेनच्या ईशान्येकडील कॅटलोनिया प्रांतात शेतमळ्यावरील दगडी घराला ‘मासिया’ असे म्हणतात. बार्सिलोना शहरात १७०२ साली बांधलेले असे एक घर, भोवतालची शेते नाहीशी होऊन शहर वाढले तरी, उभे राहिले. त्याच्या शेजारीच १९५७ साली बार्सिलोना फुटबॉल क्लबचे ‘कॅम्प नोऊ’ हे भव्य क्रीडांगण झाले. पुढे २० ऑक्टोबर १९७९ रोजी, जोसेप लुईस नुन्येझ हे क्लबचे अध्यक्ष असताना, या जुन्या घरात दूरगावच्या होतकरू मुलांसाठी वसतिगृह सुरू करण्यात आले. ‘ला मासिया’ या नावाने आज जगभर ओळखली जाते ती हीच क्रीडाशाळा.

हा क्लब व्यावसायिक असला तरी कोणा धनिकाच्या मालकीचा नाही, तो सभासदांचा आहे. आपल्याकडील सहकारी संस्थेप्रमाणे तेथील सभासदच मतदानाने अध्यक्ष निवडतात. तयार खेळाडू विकत घेण्यास अमाप पैसा लागतो. तेव्हा आपल्याच अंगणात खेळाडू घडवावेत, हा विचार अशा संस्थेला पटावा यात नवल नाही. हॉलंडच्या आयाक्स क्लबमध्ये लहानाचा मोठा झालेला योहान क्रायफ १९८८ साली बार्सिलोनाचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि त्याने या विचाराला पद्धतीचे रूप दिले. बालगटापासून मुख्य संघापर्यंत सर्वांनी एकाच धाटणीचा खेळ खेळावा, म्हणजे वरच्या संघात गेलेल्या मुलाला नव्याने मुळाक्षरे गिरवावी लागणार नाहीत, असा त्याचा आग्रह होता.

या शिक्षणाचा गाभा एका साध्या खेळात आहे. सहा-सात मुले कडे करून उभी राहतात, एक-दोन मुले मधोमध असतात. कड्यातील मुलांनी चेंडू एकमेकांकडे द्यायचा, मधल्यांनी तो अडवायचा. चेंडूला एकदा वा दोनदाच पाय लावण्याची मुभा असते. त्यामुळे चेंडू पायाशी येण्यापूर्वीच तो कोणाकडे द्यावयाचा हे मुलाला ठरवून ठेवावे लागते. येथे धिप्पाड देहाचा फारसा उपयोग नाही. नजर आणि निर्णय यांचाच कस लागतो. १९७० च्या दशकापर्यंत याच क्लबच्या युवक विभागात ठेंगण्या मुलांना आणू नये अशी सूचना लावलेली होती आणि लाऊरेआनो रुईझ या प्रशिक्षकाने ती फाडून टाकली, असे सांगितले जाते. पुढे २०१० सालच्या जगातील सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारासाठी अखेरच्या फेरीत जे तिघे उरले, ते मेस्सी, इनिएस्ता व झावी तिघेही याच शाळेचे होते आणि तिघेही उंचीने बेताचे.

तथापि सूचना फाडली म्हणून दृष्टी लगेच बदलते असे नव्हे. जोर्डी आल्बा या मुलाची शरीरयष्टी किरकोळ ठरवून क्लबने त्याला सोडून दिले होते. त्यालाच २०१२ साली १ कोटी ४० लाख युरो मोजून व्हॅलेन्सिया क्लबकडून परत घ्यावे लागले! त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी लेव्हान्ते संघाविरुद्धच्या सामन्यात एका खेळाडूस दुखापत झाल्याने बदली खेळाडू आला आणि मैदानावरील अकराही जण ला मासियात शिकलेले असा दुर्मीळ योग जुळून आला. त्या अकरांत आल्बा होता. किशोरवयातच इंग्लंडला गेलेले आणि पुढे किंमत देऊन परत आणलेले पिके व फाब्रेगास हेही होते. निवड करणाऱ्याचा अंदाज किती चुकू शकतो, हे या विक्रमातच नोंदले गेले आहे.

शाळेतील सर्वच मुले वसतिगृहात राहत नाहीत. जवळपासची मुले रोज घरी परततात; झावी असाच जवळच्या तेरासा गावातून येई. खरी परीक्षा असते ती दूरच्या मुलाची. आंद्रेस इनिएस्ता १९९६ साली बारा वर्षांचा असताना फुएन्तेआल्बिया या लहानशा खेड्यातून आला. आईवडील निरोप घेऊन गेले आणि तो रडत राहिला. विश्वविजेता झाल्यानंतरही तो दिवस आपल्या आयुष्यातील अत्यंत वाईट दिवस होता, असे त्याने सांगितले आहे. एवढ्या कोवळ्या मुलाला घरातून उचलून आणणारी संस्था त्याच्या पालकत्वाची जबाबदारीही उचलते. ती तिने कशी निभावली हे चषकांच्या संख्येवरून कळत नाही.

यासाठीच येथे सकाळ शाळेची आणि सायंकाळ मैदानाची. अभ्यासात साहाय्य करणारे शिक्षक, आहारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ असा परिवार मुलांभोवती असतो. कारण उघड आहे. दर वर्षी हंगाम संपला की काही मुलांना ‘आता पुढे नाही’ असे सांगितले जाते आणि मुख्य संघापर्यंत पोहोचणारे अगदी थोडे असतात. सोळाव्या वर्षी बॅग भरून घरी परतणाऱ्या मुलाच्या हाती निदान शालेय शिक्षण असावे, ही किमान अपेक्षा होय.

याच संस्थेला बोल लावण्याचा प्रसंगही आला. परदेशातील अठरा वर्षांखालील मुलांची नोंदणी करताना नियमभंग केल्याबद्दल आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाने २०१४ साली तिला शिक्षा केली आणि २०१५ मध्ये संपूर्ण वर्षभर नव्या खेळाडूंची नोंदणी करण्यास मनाई केली. बालकांचा व्यापार होऊ नये म्हणूनच हे नियम आहेत. मात्र दंड संस्थेला झाला तरी झळ मुलांनाही लागली; काही परदेशी मुलांना अधिकृत सामने खेळता येईनात. महासंघाचा आणखी एक नियम ग्रामीण कार्यकर्त्यांना रुचेल असा आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशातील क्लबकडे गेला, तर हस्तांतराच्या रकमेतील पाच टक्के वाटा त्याला १२ ते २३ या वयात शिकविणाऱ्या क्लबांना मिळतो. त्यात गावातील लहान क्लबही आला.

२०११ मध्ये वसतिगृह जुन्या घरातून शहराबाहेरील नव्या इमारतीत गेले. अनेक मुले हेरून आणणाऱ्या ओरिओल तोर्त यांचे नाव तिला देण्यात आले आहे. २०२१ पासून तेथे मुलीही राहू लागल्या. लामिन यामाल हा अगदी अलीकडचा निवासी. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेसाठी सोळा वर्षांचा यामाल स्पेनच्या संघातून जर्मनीस गेला, तेव्हा माध्यमिक शाळेचा अभ्यास त्याच्यासोबत होता. सरावानंतरच्या वेळात तो गृहपाठ करीत असे. स्पर्धा चालू असतानाच निकाल लागला, आणि तो उत्तीर्ण झाला होता.