कार्यालयीन संगणक आणि बंद संकेतस्थळे



भामरागडहून गडचिरोलीचे जिल्हा मुख्यालय दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. पर्लकोटेला पूर आला की तोही मार्ग खुंटतो. अशा ठिकाणी कार्यालयातील संगणक हाच जवळचा रस्ता होय. त्यावर आवश्यक संकेतस्थळ उघडले नाही, तर पहाटे घरून निघालेला अर्जदार रिकाम्या हाताने परततो.

पुष्कळदा जाळेच तुटलेले असते. तेव्हा निर्बंधांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र इतर स्थळे सुरू असून एकच अडले आणि तेच मोबाईलवर उघडले, तर कुलूप बहुधा कार्यालयाच्या यंत्रणेचे असते. दोन्हीकडे न उघडल्यास ते स्थळ स्वतःच बंद असेल, किंवा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६९-अ खाली अथवा न्यायालयाच्या आदेशाने रोखलेले असेल. ते कुलूप जिल्ह्यात कोणालाही काढता येत नाही.

कार्यालयीन यंत्रणा जुगार, मद्य, करमणूक असे वर्ग पाडून स्थळे अडविते. तिला संदर्भ कळत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ ते २०२१ या काळात होती. बंदीची अंमलबजावणी करणाऱ्यास दारूविषयी वाचावेच लागते. मोहफूल तर येथील आदिवासी कुटुंबांचे अन्न आणि उत्पन्नही आहे. त्याच्या प्रक्रियेची माहिती देणारे पान ‘मद्य’ या वर्गात अडकले, तर वाचणाऱ्याचा त्यात दोष नाही.

माणसांच्या आदेशांतही असे घडते. महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने पुढाकार घेतलेल्या प्रकरणात, मुंबईतील न्यायालयाच्या आदेशानंतर, डिसेंबर २०१४ मध्ये ३२ संकेतस्थळे देशभर रोखली गेली. आक्षेप विशिष्ट मजकुरावर होता. पण संगणक अभियंत्यांचे गिटहब आणि जुन्या ग्रंथांचा संग्रह असलेले इंटरनेट आर्काइव्ह ही संपूर्ण स्थळेच त्यात सापडली. सहकार्याची हमी मिळाल्यावर काही स्थळे थोड्याच दिवसांत खुली झाली.

अडलेला कर्मचारी पुष्कळदा आडवाट धरतो. फुकटचे व्हीपीएन घेतले की संगणकाची सारी वाहतूक अनोळखी कंपनीमार्फत जाऊ लागते. खासगी ईमेलवर पाठविलेला वनहक्क दावा, त्यातील आधार क्रमांकासह, कार्यालयाच्या ताब्याबाहेर जातो. केंद्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २०२२ च्या सायबर सुरक्षा सूचनांनी बाहेरच्या व्हीपीएन सेवा वापरण्यास मनाई केली, ती याच धोक्यामुळे.

सरळ मार्ग अर्जाचा आहे. त्यात स्थळाचा पूर्ण पत्ता, पडद्यावर दिसलेली सूचना जशीच्या तशी, दिनांक व वेळ, कोणते शासकीय काम अडले आणि परवानगी किती दिवस हवी, एवढे लिहावे. ‘इंटरनेट चालत नाही’ या एका ओळीवर कोणताही तंत्रज्ञ काही करू शकत नाही. अर्ज कार्यालयप्रमुखामार्फत संगणक कक्षाकडे, आणि जेथे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे जाळे आहे तेथे जिल्हा सूचना विज्ञान अधिकाऱ्याकडे जावा. संपूर्ण वर्ग उघडण्याऐवजी तेवढेच स्थळ खुले करता येते; सुरक्षेच्या दृष्टीनेही ते बरे.

येथे वरिष्ठांवरही जबाबदारी येते. नकार द्यावयाचा असेल तर तो कारणासह आणि लेखी असावा, म्हणजे कर्मचारी दुसरी अधिकृत सोय पाहू शकेल. मोहफुलांचा मुख्य हंगाम मार्च-एप्रिलचा. प्रक्रियेची माहिती मागणाऱ्या ग्रामसभेला मे महिन्यात मिळालेली परवानगी त्या वर्षी उपयोगाची नसते.