डबे अडले, धान्य वाटलं



 दुसऱ्या महायुद्धाने मुंबईत मागे ठेवलेल्या गोष्टींपैकी एक म्हणजे कंट्रोल, मालावरचं सरकारी नियंत्रण. 

मे 1940 मध्ये भारत संरक्षण नियमांखाली सरकारने 68 प्रकारच्या मालाच्या आयातीला परवाना लावला. जहाजांत जागा नव्हती, परकीय चलनाची ओढाताण होती. 1942 पर्यंत जवळजवळ सगळीच आयात परवान्याखाली आली. विलायती डबाबंद मासळी, मुरंबे दुर्मीळ झाले. लालबाग-परळच्या चाळींचं त्यावाचून काहीच अडलं नाही. अडलं ते भातावाचून. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. कोकणातून गिरणीत आलेल्या माणसाला भाताशिवाय जेवण जेवल्यासारखं वाटेना.

2 मे 1943 ला मुंबईत रेशनिंग सुरू झालं. घरातल्या माणसांची कार्डावर नोंद, दुकान ठरलेलं, माप ठरलेलं. तांदूळ बेताचाच, जोडीला गहू, ज्वारी, बाजरी. धान्य निवडायला बसलं की परातीच्या कडेला खड्यांची रास जमायची. तांदळाच्या भाकरीवर बसलेला हात बायकांनी ज्वारीच्या पिठावर बसवून घेतला. 14 एप्रिल 1944 च्या गोदीतल्या स्फोटात हजारो टन धान्य जळालं, तरीही शहर उपाशी पडलं नाही.

आयातीचे हेच नियम कलकत्त्यालाही लागू होते. तिथे रेशनिंग आलं जानेवारी 1944 च्या अखेरीस. तोवर बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली होती. दुष्काळाची कारणं अनेक होती, हे खरं. पण बंदरावर माल अडवणं सोपं असतं. आत आहे ते धान्य घरोघरी सारखं पोचवणं हे सरकारचं खरं काम. मुंबईत ते झालं, म्हणून रांगा, खडे, काळाबाजार सोसूनही मुंबई तगली.

युद्धातल्या आयात परवान्यांचा 1947 मध्ये कायदा झाला. तो 1992 पर्यंत चालला. रेशनकार्ड अजून आहे. शीव-धारावीच्या एखाद्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून कुणा म्हातारीला रिकाम्या पिशवीने परत पाठवत असतील, तर रांगेतल्या बाकीच्यांनी गप्प बसू नये. तिचं धान्य तिला मिळवून द्यावं.