पुढारीपणाची शाळा
(ज्युबिलीनिमित्त बाळापूर येथे केलेले भाषण)



पुढारीपण कोठे शिकावे, असा प्रश्न आमच्या तरुण मंडळींनी मला घातला आहे. मी पंडित नव्हे. परंतु मन व म्हैस या नद्यांच्या संगमाजवळ, आपल्या किल्ल्याच्या छायेत, मी लहानपणी पुष्कळ हुतूतू खेळलो आणि संघाचा नायक या नात्याने पुष्कळ हरलोही. कारण सांगावयास लाज वाटते. प्रत्येक चढाई मीच करी. मी बाद झालो म्हणजे मागे उरलेल्या गड्यांना काय करावे हेच उमजत नसे. त्यांना मी कधी पुढे जाऊच दिले नव्हते.

खेळ हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे म्हणणारी वडील मंडळी येथेही असतील. त्यांनी अमरावतीकडे पाहावे. तेथे वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायामशाळा स्थापिली, आणि 1936 साली तिचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी आपले देशी खेळ दाखवून आले.

परंतु आज मला सांगावयाचे आहे ते सांगलीच्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील दोघा भावांविषयी. 1943 च्या डिसेंबरात मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर पंचरंगी क्रिकेटचा अंतिम सामना झाला. हिंदू संघाने 5 गड्यांच्या मोबदल्यात 581 धावा केल्या. ज्या 'रेस्ट' संघात आपले ख्रिस्ती खेळाडू असत, तो पहिल्या डावात 133 धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्याने 387 केल्या. पैकी 309 एकट्या विजय हजारे यांच्या! ते 309 सर्वांना पाठ आहेत. मात्र त्यांतील 300 धावांच्या भागीदारीत दुसऱ्या टोकाला त्यांचा भाऊ विवेक उभा होता, आणि त्याच्या स्वतःच्या धावा होत्या अवघ्या 21. ते टोक ढळले असते, तर 309 कोठून झाले असते?

पुढे विजय हजारे भारताचे कर्णधार झाले. फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला इंग्लंडचा पराभव करून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला. त्या सामन्यात 12 गडी विनू मंकड यांनी बाद केले. शतके पंकज रॉय व पॉली उम्रीगर यांनी काढली. कर्णधार हजारे अबोल गृहस्थ. पदाचा भार त्यांच्या फलंदाजीस जाचला, असे जाणकार म्हणत, आणि ते मला खरेही वाटते.

त्याच वर्षी जूनमध्ये लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताचे 4 गडी शून्य धावांवर परतले. शून्यावर! तेव्हा हजारे मैदानात उतरले. त्यांनी 56 धावा काढल्या, दत्तू फडकर यांनी 64. दोघांत अधिक धावा कर्णधाराच्या नव्हत्या. सामना आपण हरलोच.

बाहेर पोरे केव्हाची ताटकळत उभी आहेत. त्यांचा नायक अद्याप निवडावयाचा आहे, म्हणून येथेच थांबतो.