बांधावरच्या पाखरांची नोंदवही

(शेतकरी बंधू-भगिनींसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाची, दुधाची, मजुरीची नोंद आपण ठेवतो. पण बांधावर रोज दिसणाऱ्या पाखरांची नोंद कोणी ठेवतं का? तुम्ही म्हणाल, पाखरं मोजून काय मिळणार? त्याचं उत्तर गिधाडाच्या हकिकतीत आहे.

पूर्वी ढोर मेलं की गावाबाहेर टाकत, आणि बघता बघता गिधाडं उतरत. हाडं तेवढी उरत. गिधाडं इतकी होती, की ती मोजावी असं फारसं कुणाला वाटलं नाही. नशिबानं १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या अभ्यासकांनी रस्त्यानं फिरून आकडे लिहून ठेवले होते. त्याच वाटांवर पुन्हा मोजणी झाली तेव्हा खरं कळलं. पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं १९९२ साली हजार धरली, तर २००७ साली जेमतेम एक उरलं होतं.

कारण २००४ साली उघडकीस आलं. ढोरांच्या सुजेवर, दुखण्यावर टोचलं जाणारं डायक्लोफेनॅक! ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडानं खाल्लं, की त्याची मूत्रपिंडं निकामी होत. सरकारनं २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. म्हणून ढोरांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा, की गिधाडाला न बाधणारं मेलॉक्सिकॅम चालत असेल तर तेच द्या.

जुने आकडे होते म्हणून घट सिद्ध करता आली. आता इतर पाखरांचंही तसंच पाहिलं जातं. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला. तीस हजारांवर लोकांनी दिलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवरून ९४२ जातींचा हिशेब त्यात मांडला आहे. मोर वाढलेला दिसतो. पण दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलपंख घटला आहे.

पक्षी पाहणारे लोणारच्या सरोवरावर जातात, ज्ञानगंगा अभयारण्यात जातात. तुमच्या तुरीच्या, कपाशीच्या वावरात कोण येणार? तिथं रोज तुम्हीच असता. हरभऱ्यात घाटेअळीसाठी पक्षीथांबे लावता, त्यावर कोतवाल किती बसले हे तुमच्याइतकं कुणाला कळणार?

नोंद अशी ठेवा :

१. जागा एकच धरा. बांध, विहीर किंवा पाझर तलाव.

२. आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन चढण्याआधी पंधरा मिनिटं थांबा. तारीख आणि वेळ लिहा.

३. दिसेल ते प्रत्येक पाखरू आणि त्याची संख्या लिहा. चिमणी, साळुंकी, होला, टिटवी हेसुद्धा. गिधाडाची चूक पुन्हा नको.

४. नेहमीचं पाखरू दिसलं नाही, तर "दिसलं नाही" असंही लिहा. ती नोंद तितकीच मोलाची.

५. पीक कोणतं, फवारणी केव्हा आणि कशाची केली, तेही शेजारी लिहा.

६. नाव माहीत नसेल तर अंदाजानं लिहू नका. आकार, रंग, चोच आणि आवाज लिहा. गावातलं नाव असेल तर तेच लिहा.

७. घरट्याला हात लावू नका. दुर्मिळ पाखराच्या घरट्याची जागा चारचौघांत सांगू नका.

शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना सोबत घ्या. त्यांची नजर तेज असते. मोबाईल हाताळणारं कुणी घरात असेल, तर हीच नोंद ई-बर्डवर भरता येते. दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षीगणना होते, तीतही आपल्या गावाची भर पडू द्या.

एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. पण पाच-दहा वर्षांची वही झाली, की कोणतं पाखरू वाढतंय, कोणतं टिकून आहे आणि कोणतं चाललंय, हे सांगता येतं. वेळेवर कळलं तर उपाय करता येतो. तेव्हा येत्या रविवारी जुन्या वहीचं कोरं पान काढा आणि पहिली ओळ लिहा.