टोकियोतली ऐकण्याची एक संध्याकाळ

श्रोतेहो, चहाच्या हॉटेलात जाऊन गप्प बसायचं, असं तुम्हांला कुणी सांगितलं तर तुम्ही त्याला वेड्यात काढाल. आपल्याकडे चहा हे बोलण्याचं निमित्त. पण टोकियोत शिबुया नावाचा फार गजबजलेला भाग आहे. तिथल्या चढावरच्या एका गल्लीत 'लायन' नावाचं कॉफीगृह आहे. ते १९२६ साली निघालं, १९४५च्या बाँबहल्ल्यात जळालं आणि १९५० साली पुन्हा उभं राहिलं. तिथे बोलायला बंदी आहे. मी गेलो तेव्हा हे मला ठाऊक होतं, तरी सवय कुठे जाते? खुर्चीत टेकता टेकता सोबतच्या मित्राला म्हटलं, "अरे, अंधार किती हा!" पुढच्या रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी नुसती मान वळवली. रागानं नव्हे. प्रार्थना चालू असताना उशिरा आलेल्या पोराकडे गुरुजी पाहतात ना, तसं.

आत खुर्च्या एस.टी.तल्यासारख्या एकाच दिशेला तोंड करून मांडलेल्या. समोर देव्हारा असावा तसे भिंतभर कर्णे, दोन मजले उंच. युरोपातलं शास्त्रीय संगीत चाललेलं. एक तबकडी संपली की पुढच्या तबकडीचं नाव हलक्या आवाजात सांगतात, बस्स. अशा चहापानाच्या जागेला जपानीत 'किस्सातेन' म्हणतात. आपल्या किस्स्याशी त्याचा काही संबंध नाही, हे उघडच आहे!

आता हे असं का सुरू झालं? हौसेपेक्षा गरजेनं. परदेशातून आलेली तबकडी आणि ती वाजवायचं चांगलं यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होतं. कॉफीगृहाचा मालक तबकडी विकत घेई आणि कॉफीच्या एका कपाच्या पैशात विद्यार्थी, कारकून, कामगार ती ऐकत. योकोहामात 'चिगुसा' नावाचं असंच एक दुकान १९३३ साली निघालं. तिथे अमेरिकेचं जाझ संगीत वाजे. युद्ध आलं, १९४३ साली शत्रूचं संगीत म्हणून त्यावर सरकारी बंदी आली आणि १९४५च्या मे महिन्यात बाँबहल्ल्यात दुकान तबकड्यांसकट जळून गेलं. मालकानं युद्धानंतर ते पुन्हा उभारलं. तोशिको अकियोशी नावाची तरुण पियानोवादक तिथे येत असे. शिकवायला कुणी नाही, छापील स्वरलिपी मिळत नाही. मग तबकडी पुन्हा पुन्हा ऐकायची आणि कानानं उतरवून घ्यायची. हीच मुलगी पुढे १९५६ साली अमेरिकेत शिकायला गेली आणि मोठी संगीतकार झाली. शिक्षक मंडळींना मुद्दाम हे सांगतो आहे.

जाता जाता एक गोष्ट. त्या जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या लाखेपासून बनत, आणि लाख जात असे आपल्या देशातून. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ती लाख. गोंदियाकडच्या श्रोत्यांना हा धंदा सांगायला नको. तीन-चार मिनिटांत तिची एक बाजू संपे. १९४८ साली अमेरिकेत प्लॅस्टिकची लांब तबकडी निघाली, तिची एक बाजू वीसएक मिनिटं चालते.

त्याच रात्री मित्र मला दुसऱ्या एका जागी घेऊन गेला. जिना चढून गेलं की जेमतेम आठ माणसांची खोली. इथे कॉफीऐवजी मद्य. मालक एकटाच, बर्फाचा मोठा तुकडा सुरीनं तासून पेल्यात बसेल एवढा करतो, त्यावर व्हिस्की, मग सोडा, आणि चमचा एकदाच फिरवतो. मी घेत नाही म्हटल्यावर त्यानं तेवढ्याच निगुतीनं मला लिंबाचा सोडा करून दिला. अशा जागांची नक्कल आता लंडन-न्यूयॉर्कला होते, आपल्या गोव्यातही झाली आहे. पेल्यांची नक्कल सोपी. गप्प बसण्याची किती साधते, कोण जाणे.

मी भारतातला आहे हे कळल्यावर मालकानं मागच्या फळीवरून रविशंकरांच्या सतारीची तबकडी काढली, पुसली आणि सुई ठेवली. खोलीतली माणसं ऐकू लागली. मला मात्र वडील आठवले. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळं काढली होती. आमच्या गावच्या मंडळाचे वडील चिटणीस. ते सांगत, "वीस माणसं एका रेडिओपुढे अर्धा तास बसायची, विडीसुद्धा बाहेर जाऊन ओढायची. कार्यक्रम संपला की मग वाद!" पुढे घरोघर रेडिओ आले. वडिलांना आनंदच झाला, पण संध्याकाळी ते चावडीकडे एकदा जाऊन येत, उगीचच.

आणि मी? माझ्या खिशातल्या फोनमध्ये अशा शंभर सतारी आहेत. खरं सांगतो, त्यांतली एकही मी शेवटपर्यंत ऐकलेली नाही. आलाप चालू असतानाच बोट पुढे सरकतं.

त्या रात्री सरकवायला काही नव्हतं. आलाप संपला, जोड आला, झाला आला. शेजारच्या बाईंचा पेला तसाच, बर्फ विरघळलेला. बाजू संपली, सुई शेवटच्या खाचेत खरखर करत फिरत राहिली, तरी थोडा वेळ कुणी हललं नाही.

मालकानं खुणेनं विचारलं, दुसरी बाजू लावू? मित्र घड्याळाकडे पाहत होता. शेवटची गाडी गाठायची होती. मी मान हलवली, लावा.