पयले इथं काय होतं?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून आपण सगळे एकच वाक्य बोलतो आहोत, 'पयले इथं अमुक होतं.' पयले इथं पाण्याची टाकी होती, पयले इथं कडुनिंब होता. म्हणून मी या वाक्यावरच थोडं बोलणार आहे. माझं काम सॉफ्टवेअरचं. दिवसभर इंग्रजीत बोलावं लागतं आणि घरी आल्यावर मराठीत. त्यामुळे होऊन गेलेल्या गोष्टींबद्दल दोन्ही भाषांत कसं बोलतात, याकडे माझं लक्ष जातं.

इंग्रजीत यासाठी बरेच शब्द आहेत. पद गेलं की 'फॉर्मर', नातं तुटलं की 'एक्स', माणूस गेला की 'लेट'. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांना संस्थानांसाठी 'अर्स्टव्हाइल' फार आवडतो. आणि रोजच्या बोलण्यात आहे 'यूज्ड टू'. या एका 'यूज्ड टू'मध्ये झाडही बसतं आणि झाडाखाली डबा खाणारी मुलंही बसतात. मराठीत मात्र झाड 'होतं' आणि आपण त्याखाली डबा 'खायचो'. वस्तूसाठी 'होतं', सवयीसाठी 'खायचो, बसायचो, पळायचो'. आज सकाळपासूनची आपली वाक्यं आठवून बघा. सुरुवात 'होतं'नं होते आणि दोन मिनिटांत आपण 'यचो'वर येतो.

आपल्या फलकावर 'माजी विद्यार्थी' लिहिलं आहे. 'माजी' हा अरबी-फारसीतून आलेला शब्द, अर्थ 'गेलेला, भूतकाळातला'. बोलताना आपण तो माणसाच्या पदालाच लावतो. माजी आमदार, माजी सैनिक. माजी विहीर किंवा माजी झाड कोणी म्हणत नाही. आणखी एक गंमत बघा. आपण स्वतःला माजी विद्यार्थी म्हणतो, पण समोर बसलेल्यांना 'आमचे माजी सर' म्हणत नाही. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी सर ते सरच.

जागांसाठी आपला शब्द 'जुना'. तो जरा फसवा आहे. बडनेऱ्यात जुनी वस्ती आहे आणि नवी वस्ती आहे. जुनी वस्ती जुनी असली तरी जिवंत आहे, तिथं लोक नांदतात. पण एखाद्या गावात 'जुना स्टँड' म्हटलं, की तिथं बस मिळेलच असं नाही. शब्द एकच, एकदा 'वयानं जुना' आणि एकदा 'आता नसलेला'. कोणता अर्थ घ्यायचा ते गावातल्या माणसालाच कळतं. आणि नवी वस्ती आपण शाळेत होतो तेव्हाही नवीच होती!

आपल्या भागात हे 'पयले काय होतं' प्रकरण फार मोठं आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिला. १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. कागदोपत्री हक्क मात्र निजामाचाच राहिला, म्हणून त्याच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला. १९५० मध्ये आपण मध्य प्रदेशात होतो. १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. म्हणजे १९४० साली बडनेऱ्यात जन्मलेला माणूस विसाव्या वर्षापर्यंत चार राज्यांचा रहिवासी झाला, घराचा उंबरठा न सोडता. त्याला 'तुम्ही मूळचे कुठले?' विचारलं तर तो सरळ 'बडनेऱ्याचा' म्हणतो, आणि तेच खरं उत्तर आहे.

अमरावतीचं १९२३ चं किंग एडवर्ड कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. आज पाटीवर 'शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था' आहे. पण रिक्षावाल्याला आपण 'व्हीएमव्ही' म्हणतो आणि तो नीट पोचवतो. बडनेऱ्याचं कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग आज प्रा. राम मेघे यांच्या नावानं ओळखलं जातं. अमरावती विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. आपल्यापैकी ज्यांच्या पदवीवर जुनी नावं आहेत, त्यांना नोकरीच्या अर्जात दर वेळी एक जादा ओळ लिहावी लागते, 'पूर्वीचे नाव अमुक'. ती ओळ नसेल तर बंगळूरला बसलेल्या माणसाला ते कॉलेज यादीत सापडत नाही.

आता मुद्द्यावर येते. या मेळाव्यासाठी बॅचची यादी करताना मुलगे भराभर सापडले. नाव तेच, आडनाव तेच, बहुतेकांचं घरही तेच. मुलींच्या बाबतीत गाडी अडली. लग्नानंतर कोणाचं आडनाव बदललं, कोणाचं नावही बदललं. काही जणी तर एकाच व्हॉट्सअॅप ग्रुपवर महिनाभर होत्या आणि एकमेकींना ओळखलं नाही. निमंत्रणपत्रिकेत आपण छापतो, 'सौ. अमुक, पूर्वाश्रमीची कु. तमुक'. पूर्वाश्रम हा शब्द मुळात संन्याशाचा. संन्यास घेतला की आधीचं नाव, गाव, नातं सगळं सोडायचं. आम्ही तर संसार मांडला होता, संन्यास कुठे घेतला? यादीत आजही काही मुलींच्या नावांपुढची जागा रिकामी आहे. त्या बहुधा इथंच कुठेतरी, अकोल्यात, नागपुरात, पुण्यात असतील. पण त्यांचं आजचं नाव आपल्यापैकी कोणालाच ठाऊक नाही.

आमच्या कामात एक नियम असतो. एखाद्या गोष्टीचं नाव बदललं तर जुनं नाव पुसायचं नाही. पुसलं तर त्या नावानं शोधत येणारं सगळं एका रात्रीत बंद पडतं. जुनं नाव जागेवर ठेवायचं आणि त्याच्यापुढे नव्याचा पत्ता लिहायचा. जुन्या नावानं आलेला माणूस मग नव्या दारात पोचतो.

म्हणून स्मरणिका समितीला माझी विनंती आहे. यादीत पहिला रकाना 'शाळेतलं नाव' असा ठेवा, मुलींसाठीही आणि मुलांसाठीही. आजचं नाव दुसऱ्या रकान्यात. 'पूर्वाश्रमीची' हा शब्द काढून टाका. आणि शेवटची दोन पानं जागांसाठी ठेवा. डावीकडे पयले काय होतं, उजवीकडे आज काय आहे. टॉकीज, टाकी, झाड, दुकान, सगळं. आज आपण 'टॉकीजपाशी भेटू' म्हटलं तर पुरतं, कारण टॉकीज नसली तरी ती जागा आपल्याला दिसते. आपल्या मुलांना ती दिसत नाही. नकाशावर त्यांना आजचंच नाव मिळतं.

या पानांची सुरुवात सरांनी आणि बाईंनी करावी. त्यांना आपल्यापेक्षा तीस-चाळीस वर्षं मागचं माहीत आहे आणि ते इतर कुठेही लिहिलेलं नाही. मागच्या टेबलावर दोन वह्या ठेवल्या आहेत, एक माणसांची, एक जागांची. जेवायला जाण्याआधी प्रत्येकानं निदान एक ओळ लिहा. आणि रिकाम्या जागेतल्या एखाद्या मैत्रिणीचं आजचं नाव तुम्हाला माहीत असेल, तर ते सगळ्यांत आधी लिहा.