बेघर मुलांची गोष्ट कशी सांगावी?



वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे कलमे वाचून दाखविणार, अशी आपली समजूत असते. ती सर्वस्वी खोटी नाही. कलमे पुढे येतीलच. परंतु आज प्रथम मी गोष्टींविषयी बोलणार आहे. आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात बेघरपणा म्हणजे काय हे मुलांना सांगू लागलो, तेव्हा कलमे आणि आकडे निरुपयोगी ठरले.

२०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत बेघरांची मोजणी झाली. पदपथ, पुलाखालची जागा, रेल्वेचे फलाट येथे निजणारे सुमारे १७ लाख ७३ हजार लोक देशात आढळले. हा आकडा मी फळ्यावर लिहिला. मुलांनी तो वहीत उतरून घेतला आणि पुढे काय, अशा मुद्रेने माझ्याकडे पाहू लागली.

पुढील रविवारी मी मुल्कराज आनंद यांची 'कुली' घेतली. ही कादंबरी १९३६ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाली. मी ती मराठीत सांगितली. मुन्नू हा कांगड्याच्या डोंगरातला पोरका मुलगा. मुंबईतील पहिल्या रात्री तो एका मजूर कुटुंबासमवेत निजावयास जागा शोधतो. पदपथ माणसांनी भरलेला. एकच जागा रिकामी, कारण तेथे निजणारा मनुष्य आदल्या रात्री मेलेला. वर्ग स्तब्ध झाला. मग बारा वर्षांच्या एका मुलाने विचारले, "साहेब, चपला त्यांनी डोक्याखाली घेतल्या का?"

असा प्रश्न कोणाला सुचतो? मी सर्वांसमक्ष त्याला विचारून बसलो, "तू कधी बाहेर निजला होतास काय?" तो "नाही" म्हणाला, आणि पुढील दोन रविवार आला नाही. चूक माझी होती. मुन्नूच्या नावाआड तो स्वतःचे विचारीत होता. तो आडोसा मी काढून घेतला. साक्षीदाराकडून कबुली घेण्याची सवय अभ्यासवर्गात नेऊ नये. तेव्हापासून मी प्रश्न केवळ मुन्नूविषयी विचारतो: तो पाणी कोठे प्याला असेल, पाऊस आला तेव्हा कोठे गेला असेल. मातांना माझी विनंती आहे की, घरी गोष्ट वाचता आली नाही तरी ती सांगावी, तेवढे पुरे.

यानंतर बाबुराव बागूल यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा घ्यावी. त्याच नावाचा त्यांचा संग्रह १९६३ साली निघाला. येथे तरुणाला रेल्वेत नोकरी आहे, तरी जात लपविल्याखेरीज राहावयास जागा नाही. मुन्नूची अडचण दारिद्र्याची, याची निराळी. हा भेद मुलांना स्वतः शोधू द्यावा.

आणि सर्वांत शेवटी १९१७ चे बडोदे. ही कल्पित कथा नव्हे. २६ वर्षांच्या बाबासाहेबांना पारशी विश्रांतिगृहातून बाहेर काढण्यात आले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोघा मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. काही तास बागेत काढून त्यांना रात्रीच्या गाडीने मुंबईस परतावे लागले. हे आरंभीच सांगितले तर मुले हात जोडतात, प्रश्न विचारीत नाहीत.

आता कायदा. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालील निराधार व बेघर मूल हे गुन्हेगार नव्हे. ते काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक होय. पोलीसच काय, कोणीही नागरिक त्याला बाल कल्याण समितीपुढे नेऊ शकतो; मूल स्वतःही जाऊ शकते. प्रवासाचा काळ वगळून चोवीस तासांची मुदत आहे. अठरावे वर्ष पूर्ण झाले की हे छत्र जाते. संस्थेत वाढलेल्यांना तेवढे एकविसाव्या वर्षापर्यंत साहाय्य मिळू शकते. फलाटावरच्या एकोणीस वर्षांच्या मुलापुढे रात्रनिवाऱ्याखेरीज फारसे काही उरत नाही. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, हे वक्ते अभिमानाने सांगतात. त्याच निर्णयाने पदपथावरील झोपड्या हटविण्यास मुभा दिली, हे मात्र गाळतात. मुलांना दोन्ही सांगावे.

तिसऱ्या रविवारी तो मुलगा आला. मी त्याला काहीही विचारले नाही. मुलांच्या मदतीसाठी असलेला १०९८ हा दूरध्वनी क्रमांक सर्वांना लिहून घ्यावयास सांगितला. त्याने तो दोनदा लिहिला, आणि एक कागद फाडून खिशात ठेवला.